वाडग्याच्या बुडावरचं नाव

नेपरव्हिल
१४ जानेवारी २०२५

सुलेखा,

आज संक्रांत, पण तिळगूळ पाठवलेला नाही. पोस्टात त्याचा भुगा होतो आणि गोड बोलण्याची सक्ती तुझ्यावर विनाकारण होते. फोनही करत नाही. फोनवर तू नुसती ‘हं’ म्हणतेस आणि त्याचा अर्थ लावण्यात माझी दुपार जाते.

तुझ्या दादाचं घर मी विकलं. एप्रिलच्या अखेरीस नीलकडे सांता क्लाराला जाते. त्याने मला एक खोली आणि एक कपाट काढून दिलं आहे. म्हातारपणी माणसाला तेवढं पुरतं, असं त्याचं मत आहे. तो स्वतः पाच खोल्यांत राहतो.

आता मुद्द्याचं. मागच्या शनिवारी आमच्या लायब्ररीत शिकागोच्या एका संग्रहालयातून एक बाई आल्या होत्या. घरातली जुनी वस्तू आणा, ती काय आहे ते आम्ही सांगू, असा कार्यक्रम. मी गुरुदत्तच्या आणि तुझ्या आजोबांचं चांदीचं पंचपात्र नेलं. ते गाडीत गडगडू नये म्हणून दह्याच्या हिरव्या वाडग्यात ठेवलं होतं. बाईंनी पंचपात्र बाजूला ठेवलं. त्याला फक्त मुलामा आहे, हे त्यांनी मान वर न करता सांगितलं. मग त्या हात धुऊन आल्या, घड्याळ आणि अंगठी काढून ठेवली आणि सोवळ्यात असल्यासारखा तो वाडगा उचलला.

तो चीनच्या राजवाड्यातला आहे. तीनशे वर्षांपूर्वीचा. कच्च्या मातीवर आधी अणकुचीदार हत्याराने ड्रॅगन कोरतात, मग भाजतात, मग हिरवा आणि वांगी रंग भरून पुन्हा भाजतात. बुडावरची सहा निळी अक्षरं म्हणजे बादशहाचा शिक्का. कुठल्या राणीने कुठल्या रंगाच्या भांड्यात जेवायचं, हे राजवाड्यात ठरलेलं असे. पट्टराणीला आतून-बाहेरून पिवळं. दुसरीला बाहेरून पिवळं, आतून पांढरं. अशा उतरत्या पायऱ्या. हिरव्यावर वांगी ड्रॅगन म्हणजे दर्जा पाचवा. मी चव्वेचाळीस वर्षं त्यात दही विरजते आहे आणि मला हे कुणी सांगितलं नाही.

मग त्यांनी तो उलटा केला. सहा निळ्या अक्षरांखाली ‘सुलेखा १९८१’ असं कोरलेलं आहे, हे तुला आठवत असेलच. बाईंनी भिंग काढलं. मोगल बादशहा चिनी भांड्यांवर आपली नावं कोरून घेत असत, म्हणाल्या. ही कुठली बेगम, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं की बेगम ॲन आर्बरला असते, युनिव्हर्सिटीच्या रजिस्ट्रार ऑफिसातून रिटायर झाली आहे, आणि हे कोरीव काम एका भूल देणाऱ्या डॉक्टरने आमच्या गॅरेजमध्ये हार्डवेअरच्या दुकानातल्या विजेच्या पेनने केलं आहे. त्या खुर्चीवर बसल्या.

तरीही त्यांना तो संग्रहालयासाठी हवा आहे. सांता क्लाराच्या कपाटात त्याला जागा नाही, म्हणून मी हो म्हटलं. पण त्यांच्या फॉर्मवर मला सही करायची आहे की ही वस्तू माझी आहे. मार्चअखेर मुदत. वस्तूवर तुझं नाव आहे. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर बर्नाडेट दुसरीच्या पेन्सिलीला हात लावला तरी पट्टी मारत. मी खोटी सही करणार नाही.

तेव्हा तुझा वाडगा तुला परत हवा की नको, ते लिहून कळव. चव्वेचाळीस वर्षांत तो न्यायला तू आली नाहीस, हा निष्काळजीपणा तुझा. सांभाळण्याचा त्रास माझा.

वहिनी

•

ॲन आर्बर
२३ जानेवारी २०२५

वहिनी,

पत्र मिळालं. वाडगा माझा नाही. हे तुम्हालाही माहीत आहे. खुशाल सही करा.

तो आला कुठून, असं फॉर्मवर विचारलं असेल तर लिहा: व्हीटनच्या मिसेस एल्ड्रिज यांच्या घरातून, १९८१. त्यांची दृष्टी गेली होती आणि मी आठवड्यातून तीन दुपारी त्यांना वाचून दाखवायला जात असे. त्यांचे वडील चीनमध्ये डॉक्टर होते.

इथे उणे अठरा आहे. बस वेळेवर येत नाही. बाकी ठीक.

सुलेखा

•

नेपरव्हिल
३० जानेवारी २०२५

सुलेखा,

मी तीस वर्षं पॅथॉलॉजीचे रिपोर्ट लिहिले. रिपोर्टमध्ये काय आहे ते कुणीही वाचतं. काय नाही, ते मी वाचते. ‘मिसेस एल्ड्रिज यांच्या घरातून’ असं तू लिहिलंस. त्यांनी तो दिला, असं कुठे लिहिलं नाहीस. वर ‘वाडगा माझा नाही’ हेही आहे.

म्हणजे एका आंधळ्या म्हातारीच्या घरातून राजवाड्याचं भांडं आणायचं, भावाकडून त्यावर स्वतःचं नाव घालून घ्यायचं, भावजयीच्या ओट्यावर ठेवायचं आणि ॲन आर्बरला निघून जायचं. पोलीस आले असते तर ते माझ्या ओट्यावर आले असते.

नील म्हणतो, आई, तू फार पुढचा विचार करतेस. त्याला मी सांगितलं की घरात कुणीतरी करायला हवा.

म्हातारी जिवंत असेल तर ती एकशेतीसच्या वर असणार, तेव्हा तिला विचारणं शक्य नाही. तुला विचारते. एका वाक्यात उत्तर दे. तो तुला दिला होता की नव्हता?

मृणालिनी

•

ॲन आर्बर
८ फेब्रुवारी २०२५

वहिनी,

एका वाक्यात: दिला होता. मोठी बशीही देत होत्या. मी नको म्हटलं, कारण माझी एक सूटकेस होती.

आता तुम्ही विचारलं नाहीत तेही लिहिते, म्हणजे पुन्हा पत्र लिहावं लागणार नाही.

एकोणऐंशी साली मी तुमच्याकडे आले तेव्हा त्या सूटकेसमध्ये चार साड्या, माझी सर्टिफिकिटं आणि मोडलेलं लग्न होतं. तुम्ही मला दोन वर्षं ठेवलंत. ‘नवऱ्याने काय केलं’ हे एकदाही विचारलं नाहीत. मुंबईहून येणारं प्रत्येक पत्र मला तेच विचारत होतं. तुम्ही फक्त विचारायचात, भात घेणार का. त्याबद्दल मी कधी बोलले नाही, पण मी ते विसरलेही नाही.

ॲन आर्बरला निघाले तेव्हा कुणाला देण्याजोगी अशी माझ्याकडे एकच वस्तू होती. ती मी तुम्हाला दिली. दादाला म्हटलं, नाव घाल. आमच्या घरात भेट दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव घालतात, म्हणजे वापरताना त्या माणसाची आठवण होते. आत्याने मला लग्नात दिलेल्या तपेलीवर आत्याचं नाव आहे. तपेली माझीच आहे. कोर्टातसुद्धा ती माझीच ठरली. दादाने विचारलं, मृणालचंही नाव घालू का? मी म्हटलं, कशाला, तिला कळेल.

भांडं रिकामं देऊ नये म्हणून त्यात साखर भरली. तुम्ही ड्यूटीवर होतात, म्हणून ओट्यावर ठेवून निघाले.

दोन महिने मी तुमच्या पत्राची वाट पाहिली. तुम्ही डेंटिस्टला थँक-यू नोट लिहायचात. मिसेस एल्ड्रिजनी मला स्कार्फ दिला तेव्हा तिसऱ्या दिवशी मला टेबलाशी बसवून आभाराचं पत्र लिहून घेतलं होतंत, आणि ‘सुंदर’ हा शब्द दोनदा आला म्हणून परत लिहायला लावलं होतंत. माझ्या वाडग्याबद्दल तुमच्याकडून एक ओळ आली नाही. डिसेंबरात छापील कार्ड आलं, त्यावर तुम्हा तिघांची नावंही छापील होती.

तेव्हा मला कळलं की मी त्या घरात नकोशी होते. म्हणून दिवाळीला यायचं बंद केलं. म्हणून दादाच्या शेवटच्या आजारपणात मी हॉटेलात उतरले.

माझी तक्रार नाही. आता ती भेटही तुम्ही परत करता आहात, ती मी घेणार नाही, एवढंच. संग्रहालयाला द्या.

सुलेखा

•

नेपरव्हिल
३ मार्च २०२५

सुलेखा,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. सहा उत्तरं लिहिली आणि फाडली. सातवं पाठवते, कारण कागद संपत आले आहेत आणि बाकीचे बॉक्समध्ये गेले.

हे माफीचं पत्र नाही. हे कसं घडलं, त्याचा रिपोर्ट आहे.

एक. आमच्या नागपूरच्या घरात प्रत्येक भांड्यावर मालकाचं नाव असे. लग्नकार्याला भांडी आळीभर फिरत आणि रात्री अंगणात ढीग घालून नावं वाचून वाटली जात. भेट आलेल्या भांड्यावरही माझी आई आपलंच नाव घालून घेई. नाव ज्याचं, भांडं त्याचं. याला दुसरा अर्थ असतो हे मला तुझ्या पत्रातून कळलं. लग्नाला बावन्न वर्षं झाली. तुमच्या घराण्यातल्या कुणीतरी सांगायला हवं होतं.

दोन. साखर. तू जाण्याआधी त्याच आठवड्यात मी म्हणाले होते की या घरात साखर फार लवकर संपते. ते मी गुरुदत्तला म्हणाले होते. तो चहात चार चमचे घालायचा आणि दोन सांगायचा. तू तिथे उभी राहून चहा गाळत होतीस. मला वाटलं, हिला लागलं. पण शब्द परत घ्यायचे तर बोलावं लागतं, आणि मला सकाळी सहाची ड्यूटी होती. चार दिवसांनी ड्यूटीवरून घरी आले तर तू गेलेली, आणि ओट्यावर वाडगाभर साखर.

मला वाटलं, तू साखर परत केलीस. दोन वर्षांची. घे तुझी, म्हणून.

मी ती डब्यात ओतली नाही. सिंकमध्ये ओतली आणि वरून गरम पाणी सोडलं. तिचा पाक व्हायला बराच वेळ लागतो. मग वाडगा धुतला, उलटा केला आणि तुझं नाव दिसलं. मनात आलं, ही भांडं विसरली, साखर विसरली नाही.

तीन. तो पाठवून द्यायला हवा होता. त्यासाठी खोकंही आणलं होतं. पहिला महिना रागात गेला. मग राग ओसरला आणि आता कसं पाठवायचं, काय लिहायचं, यात वर्ष गेलं. मग त्यात दही घट्ट लागतं असं लक्षात आलं. त्यानंतर मी तुझ्याशी नीट बोलले नाही, हे खरं आहे. ज्याची वस्तू आपल्याकडे राहते त्याचाच राग येतो. हे मी कुठे शिकले नाही, करून पाहिलं.

गुरुदत्तला विचारलं का, असं तू विचारशील. विचारलं. ‘सुलेखाचा वाडगा अजून इथेच का?’ तो म्हणाला, ‘असू दे, छान आहे.’ भूल देणाऱ्या माणसाचं असंच. समोरच्याला काही कळू नये, यातच त्याची सगळी कारकीर्द झाली.

छापील कार्डांचं म्हणशील तर त्या वर्षी दोनशे पाठवली होती. तुला वेगळं लिहायला घेतलं होतं. पहिली ओळ सुचली नाही.

मृणालिनी

•

ॲन आर्बर
११ मार्च २०२५

वहिनी,

साखरेबद्दल तुम्ही जे म्हणालात ते मी ऐकलंच नव्हतं. चहा गाळताना तुम्ही माझ्या उजव्या बाजूला उभ्या राहायचात. माझा उजवा कान त्या लग्नात गेला. तुम्ही विचारलं नाहीत आणि मी सांगितलं नाही. तेव्हा ते दोघींच्याही सोयीचं होतं. आता डावाही कमी झाला आहे. फोनवर मी ‘हं’ म्हणते ते त्यामुळे. त्याला दुसरा अर्थ नाही.

म्हणजे मला लागलं असं तुम्हाला वाटलं, ते लागलंच नव्हतं. आणि जे लागलं, ते तुम्ही केलंच नव्हतं.

तुमचा रिपोर्ट दोनदा वाचला. दुसऱ्यांदा हसू आलं, साखरेचा पाक होताना तुम्ही सिंकपाशी उभ्या आहात ते डोळ्यांसमोर आलं म्हणून.

आता सही करा. वाडगा तुमचा आहे. दर्जा पाचवा निघाला त्याला माझा इलाज नाही. मिसेस एल्ड्रिजकडे पिवळा नव्हता.

सुलेखा

•

नेपरव्हिल
२२ मार्च २०२५

सुलेखा,

कानाचं वाचलं. त्या माणसाचा पत्ता असला तर पाठव. मला त्याला एक पत्र लिहायचं आहे. तो वारला असेल तरी पत्ता पाठव.

फॉर्मवर सही केली. ‘वस्तू कशी मिळाली’ या रकान्यात ‘नणंदेकडून भेट’ असं लिहिलं. नणंद म्हणजे काय हे संग्रहालयाच्या बाईंना समजावताना वीस मिनिटं गेली. इंग्रजीत नणंद आणि भावजय दोघींना एकच शब्द आहे.

पंधरा एप्रिलला त्या खोकं घेऊन वाडगा न्यायला येणार आहेत. पण काल त्यांचा फोन आला. त्यांच्याकडचा भांडी दुरुस्त करणारा माणूस बुडावरचं कोरलेलं नाव राळेने भरून घेणार आणि वरून पांढरा रंग देणार. नाव कुणालाही दिसणार नाही. मी विचारलं, का? त्या म्हणाल्या, ते अलीकडच्या काळात झालेलं नुकसान आहे. मी म्हटलं, बादशहाने कोरलं असतं तर? त्या म्हणाल्या, तर तो इतिहास झाला असता. मी म्हटलं, म्हणजे कोरणारा कोण, यावर सगळं अवलंबून आहे. त्या नम्रपणे हो म्हणाल्या. बाई प्रामाणिक आहे, हे मला मान्य करावं लागेल.

चीनच्या एका बादशहाने तर जुन्या भांड्यांवर स्वतःच्या कविता कोरून घेतल्या होत्या म्हणे. त्या कुणी भरून काढलेल्या नाहीत. गुरुदत्तने एक शब्द आणि एक साल कोरलं. कवितेपेक्षा ते बरं.

नाव तुझं आहे. भरू द्यायचं की नाही, ते तू सांग. नील म्हणतो, ‘आई, इट्स अ म्युझियम, दे नो बेटर.’ मी त्याला मराठीत उत्तर दिलं, ते त्याला समजलं.

मृणालिनी

•

ॲन आर्बर
१ एप्रिल २०२५

वहिनी,

भरू द्या. काचेच्या कपाटात बूड तसंही कुणाला दिसत नाही. इतकी वर्षं मीही ते पाहिलेलं नाही. आणि त्या माणसाचा पत्ता माझ्याकडे नाही. असता तरी तुमचं तिकीट वाया गेलं असतं.

एकच करा. ते भरण्याआधी नावाचा फोटो काढून ठेवा आणि मला पाठवा. दादाने मला आयुष्यात एकही पत्र लिहिलं नाही. त्याचं काम फोनवर व्हायचं आणि फोनवरचं मला अर्धंच ऐकू यायचं. त्याच्या अक्षरात माझं नाव असलेली ती एकच जागा आहे.

घाई नाही. नीलला सांगा, तो फोनवरून पाठवेल.

सुलेखा

•

नेपरव्हिल
१६ एप्रिल २०२५

प्रिय सुलेखा,

तू दिलेला वाडगा मिळाला. सुंदर आहे. रंग मला आवडले, आणि ड्रॅगनचे पंजे इतके नीट कोरले आहेत की एकेक नखी मोजता येते. मी तो रोज वापरते. आभार मानायला उशीर झाला. तू दिलेली साखर मी ओतून टाकली, ते मी करायला नको होतं. तुझे मनापासून आभार.

आता बाकीचं.

फोटो काढायला वाडगा उलटा केला. गुरुदत्तचं ‘ख’ तुला आठवतं का? प्रिस्क्रिप्शनवर ते कधी कुणाला वाचता आलं नाही. इथे मात्र त्याने ते शाळेतल्यासारखं काढलं आहे. त्या चिनी मातीवर सुई घसरते, जोर द्यावा लागतो, एकेका अक्षराला पाच-पाच मिनिटं लागतात. हे मला आता माहीत आहे, कारण सोमवारी मी हार्डवेअरच्या दुकानात जाऊन तसलं पेन आणलं. हिऱ्याच्या टोकाचं. दुकानातल्या मुलीने विचारलं, सायकलवर नंबर घालायचा का. नीलच्या लग्नातल्या डिनर सेटच्या तीन बशांवर हात बसवला. त्या बशा आता त्याला देता येणार नाहीत.

मग ‘सुलेखा १९८१’च्या खाली मी ‘मृणालिनी २०२५’ असं कोरलं. तुमच्या पद्धतीने वरचं नाव देणारीचं आणि आमच्या पद्धतीने खालचं घेणारीचं. आता कुणाचाही घोटाळा व्हायचं कारण नाही. माझं अक्षर गुरुदत्तपेक्षा वाईट आलं. ‘ण’ जरा वाकडा आहे.

काल ठरल्याप्रमाणे संग्रहालयाच्या बाई आल्या. सोबत फोम घातलेलं खोकं आणि एक तरुण मदतनीस होती. मी बूड दाखवलं. दुसरी ओळ आधी नव्हती ना, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नव्हती, काल दुपारी झाली. हे तुम्ही का केलंत, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझी सही हवी होती ना तुम्हाला, ती मी केली आहे. मग त्यांनी सांगितलं की संग्रहालयाला फेरविचार करावा लागेल, आणि फेरविचार तिथेच, माझ्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या झाला. जाताना त्यांनी माझ्याकडे दह्याचं विरजण मागितलं. ते मी झाकणाच्या डब्यात दिलं. बाई वाईट नाही.

सांता क्लाराला नेण्यासाठी वाडगा माझ्या हातातल्या बॅगेत असेल. नीलने कपाटाचं माप पाठवलं आहे. त्याला कळवलं की एक कप्पा भरला.

फोटो मी पाठवत नाही. फोटोत खोदलेलं कळत नाही. त्यावरून बोट फिरवावं लागतं. सव्वीस तारखेला सामानाचा ट्रक येतो, त्याआधी येऊन जा. शिकागोहून नेपरव्हिलची गाडी तासाभराची आहे, स्टेशनवर मी येते. हॉटेल बुक केलं असशील तर कॅन्सल कर. घरात एकच पलंग उरला आहे, तो तुला. मी सोफ्यावर झोपते. तोही एकवीसला जातो, तेव्हा त्याआधी आलीस तर माझ्या पाठीच्या दृष्टीने बरं.

येताना काही आणू नकोस. इथे चाळीस खोकी बांधायची आहेत आणि टेप ओढताना दुसरं टोक धरायला माणूस लागतं.

तुझी,
मृणालिनीवहिनी